चाकांवरचं घर आलं मळ्यात

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. पापड, मसाले, शेळ्या, हे तुम्ही सगळ्याच करता, त्याबद्दल रेडिओवर पुष्कळ बोलणं झालं. आज आम्ही एका वेगळ्या पाहुणचाराबद्दल सांगणार आहोत. नाताळच्या सुट्टीत पुण्याचं एक जोडपं आमच्यातल्या एकीच्या मळ्यात पाच रात्री राहून गेलं. त्यांना खोली नको होती, गादी नको होती. घर त्यांनी बरोबरच आणलं होतं, चाकांवरचं. आणि त्या घरात माणसं दोन, कुत्री दोन.

या गाडीला मोटरहोम म्हणतात, कोणी कॅराव्हॅन म्हणतं. टेम्पोएवढी गाडी. आत झोपायला फळी, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, छपरावर सोलर. कोपऱ्यात संडास, त्याच्याखाली काढता येणारा डबा. गाडीच्या कडेला छत्रीसारखी ओढून काढायची कापडी पडवी. कुत्री पाळणाऱ्या लोकांना अशी गाडी सोयीची वाटते. बऱ्याच हॉटेलांत कुत्र्याला घेत नाहीत आणि मुकं जनावर मागे ठेवून सुट्टीला जायला यांचा जीव होत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं. आमचा जुन्नर तालुका तर २०१८ पासून पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेला आहे. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट इथेच. थंडीत हवा चांगली, हुरड्याचे दिवस जवळ आलेले. त्यामुळे पाहुणे येणार हे आम्हाला ठाऊक होतं. प्रश्न एकच होता. आमच्याकडे बिबट्या आहे, हे त्यांना सांगायचं की नाही?

यावर गटाच्या बैठकीत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं असं, की पहिलंच गिऱ्हाईक आहे, वाघरूचं नाव काढलं तर फोन ठेवून देतील. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, आपण लक्ष ठेवू. दुसऱ्या बाजूच्या म्हणाल्या, आपण रोज इथे राहतो, आपल्याला तिन्हीसांजेला कुठे जायचं नाही ते कळतं. शहरातल्या माणसाला काय कळणार? तो अंधारात कुत्र्याला फिरवायला उसाच्या कडेने निघेल. आमच्यातल्या थोरल्या काकू शेवटी म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येईल. पाहुण्याचं काही बरं-वाईट झालं तर आपण कुठल्या तोंडाने जेवायचं?" तिथे वाद मिटला.

इथे थोडं बिबट्याबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या नियमांचं कारण त्यात आहे. आमच्याकडे धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला उसात घर मिळालं. मादी उसातच पिल्लं घालते. थंडीत तोडणी सुरू झाली की तिची जागा मोडते, मग जनावर इकडेतिकडे फिरतं. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के. म्हणजे शेळीपेक्षाही कुत्र्यावर त्याची नजर जास्त. आता विचार करा, पाहुणे दोन कुत्री घेऊन आपल्या मळ्यात येणार आणि शेजारी तोडणीचा ऊस.

म्हणून आम्ही आधी फोन केला. सांगितलं, "ताई, आमच्याकडे बिबट्या आहे. दिवसा सहसा दिसत नाही. दोन वर्षांत आमच्या वस्तीवरून तीन कुत्री आणि एक वासरू नेलं. तुमची कुत्री रात्री गाडीच्या आत झोपली पाहिजेत आणि दिवसा पट्ट्यात. एवढं जमत असेल तर या." ताईंनी विचारलं, "आमचा थोरला कुत्रा बाहेर पडवीखाली झोपतो. त्याला बांधून ठेवलं तर?" आम्ही म्हटलं, "बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही." त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. दोन दिवस फोन नाही. ज्यांनी सांगू नका म्हटलं होतं त्या आमच्याकडे बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला, येतो म्हणून.

मग बाकीचंही फोनवरच ठरवलं. पहिलं म्हणजे कुत्र्यांच्या लसीचं कार्ड. रेबीजची लस कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की देतात आणि पुढे दर वर्षी. कार्डाचा फोटो मागवला, तारीख पाहिली. मग लक्षात आलं, पाहुण्यांचं कार्ड मागायचं आणि आपल्या वस्तीवरच्या कुत्र्यांना लस नाही, हे बरोबर नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून वस्तीवरच्या सहा कुत्र्यांना लस टोचून घेतली. मैत्रिणींनो, एवढं तरी पाहुणे येवोत न येवोत, कराच. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. वर चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जायचं आणि सांगतील तितकी सगळी इंजेक्शनं पूर्ण घ्यायची. दोन घेतली आणि बरं वाटलं म्हणून सोडली, असं करायचं नाही.

दुसरं, गाडीची जागा. गोठ्यापासून आणि उसापासून लांब, घराच्या समोर, दिव्याच्या उजेडात. वीज घरच्या मीटरवरून, अर्थिंग तपासून. शेतीपंपाच्या लाइनवरून द्यायची नाही. ती शेतीसाठीच असते आणि तिचा भरवसाही नाही.

तिसरं, पाणी. भांड्यांचं आणि अंघोळीचं सांडपाणी बादलीत धरून केळीच्या आळ्यात. संडासाचा डबा विहिरीच्या बाजूला किंवा ओढ्यात कुठेही रिकामा करायचा नाही. त्यात काही जण निळं औषध घालतात. ते जास्त गेलं तर आपल्या संडासाच्या टाकीत मैला कुजवणारे जंतू मरतात. आम्ही सांगितलं, औषध घालू नका, रोज सकाळी आमच्याच संडासात डबा ओता आणि धुवा. कुत्र्यांची घाण त्यांनीच उचलायची आणि लांब खड्ड्यात पुरायची. चाऱ्यात, भाजीच्या वाफ्यात ती जाता कामा नये, तिच्यातून जंत पसरतात.

चौथं, थंडी. पहाटे आमच्याकडे चांगलाच गारठा असतो. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "कोळशाची शेगडी मिळेल का, रात्री गाडीत ठेवायला?" आम्ही साफ नाही म्हटलं. बंद जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. आम्ही दोन गोधड्या जास्त दिल्या आणि गाडीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगितली. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तिथेही हेच लक्षात ठेवा.

पाचवं आम्हाला ताईंनी शिकवलं. आमची पोरं लाडाने कुत्र्याला द्राक्षं द्यायला गेली, तर त्या धावत आल्या. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, त्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेटही चालत नाही. इतकी वर्षं द्राक्षाच्या भागात राहून हे आमच्या कानावर आलं नव्हतं. त्यांच्या कुत्र्यांसाठी आम्ही बिनमिठाचा भात आणि उकडलेलं चिकन वेगळं काढत गेलो.

तिसऱ्या रात्री, तीनच्या सुमाराला, गाडीतली दोन्ही कुत्री गुरगुरायला लागली. आमचं वस्तीवरचं कुत्रं शेपूट घालून पडवीत शिरलं. घरातले उठले, दिवे लावले, भांडी वाजवली, मोठ्याने बोलत राहिले. बाहेर कोणी पडलं नाही. सकाळी पाहिलं तर रात्री भरलेल्या कांद्याच्या वाफ्यात पंजे उमटलेले, गाडीपासून दहा-बारा पावलांवर. ती कापडी पडवी जिथे संपत होती, तिथूनच तो उसाकडे गेला होता. काका बराच वेळ त्या ठशांकडे बघत उभे होते. म्हणाले, "आमचा कुत्रा इथे झोपला असता." आम्ही कोणी काही बोललो नाही. वन विभागाच्या १९२६ नंबरवर कळवलं. वनरक्षक येऊन पाहून गेले. तिन्हीसांजेपासून मुलं आत, गोठ्याचं दार बंद, बाहेर जाताना उजेड आणि आवाज, वाकून बसायचं नाही, हेच त्यांनी पुन्हा सांगितलं. पाहुणे घाबरून जातील असं वाटलं होतं. ते उरलेल्या दोन रात्रीही राहिले, फक्त कुत्र्यांचं सकाळचं फिरणं ऊन पडल्यावर सुरू केलं.

आता पैशांचं. जागा, पाणी, वीज मिळून रात्रीला ७०० रुपये. दोघांचा नाश्ता २०० आणि रात्रीचं जेवण ५००. मासवडी-रस्सा, पिठलं, बाजरीची भाकरी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, जे घरी होतं तेच. पाच दिवसांचे ७,००० झाले. किराणा आणि चिकनला १,८०० गेले, विजेला ३०० धरले. उरलेल्या ४,९०० मधले १,५०० मळ्याच्या मालकिणीला, स्वयंपाक करणाऱ्या चौघींना प्रत्येकी ६०० आणि १,००० गटाच्या खात्यात. खोली बांधायला कर्ज काढावं लागलं नाही, याचं आम्हाला जास्त समाधान.

तुमच्या गटाला असं काही करायचं असेल तर एक कागद तयार करा. जागा, वीज, पाणी, संडासाचा डबा, कुत्र्यांची लस, पट्टा, रात्रीची वेळ, पैसे, सगळं त्यावर लिहा आणि पाहुणे निघायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. तुमच्याकडे बिबट्या नसेल, तर रानडुक्कर असेल, साप असतील, नदीला भोवरा असेल. जे असेल ते आधी सांगा. सांगितल्यावर काही जण येणार नाहीत. जे येतील ते तुमचं ऐकतील, आणि रात्री तुम्हालाही झोप लागेल.

आमच्याकडे संक्रांतीनंतर अजून एक गाडी येणार आहे. त्यांच्याकडे एकच कुत्रं आहे. कागद वाचून दाखवला आहे.

तुमचे अनुभव रेडिओ केंद्राकडे जरूर कळवा.