आपल्या पावलांचे माप

लखनौच्या हजरतगंजात सायंकाळी नुसते पायी हिंडणे हा तेथील लोकांचा जुना शौक आहे. त्याला ‘गंजिंग’ असे स्वतंत्र नावही पडले आहे. काही विकत घ्यावयाचे असतेच असे नाही. ओळखीची माणसे भेटतात, चार शब्द होतात आणि मनुष्य घरी परततो. २०१० साली या पेठेला नवे रूप देण्यात आले, तेव्हा दुकानांच्या पाट्या एका धाटणीच्या झाल्या आणि पदपथावर जुन्या वळणाचे दिवे व बाके आली. नोकरीच्या निमित्ताने लखनौस राहणे झाल्यापासून मलाही हा शौक जडला.

असाच एकदा हिंडत असता मागच्या एका शांत गल्लीत चार-पाच मुले दिसली. गुडघाभर उंचीच्या एका कठड्यावरून समोरच्या तेवढ्याच कठड्यावर एक मुलगा उडी घेई, तोल सावरी, खाली उतरे आणि पुन्हा तीच उडी घेई. मी उगाच मोजू लागलो. वीस वेळा झाल्यावर मोजणे सोडून दिले. या मुलांत माझा भाचाही होता. शिक्षणासाठी तो आमच्याकडेच राहतो. घरी आल्यावर त्याने सांगितले, “मामा, याला पार्कूर म्हणतात.”

पार्कूर म्हणजे वाटेत येणारी भिंत, कठडा, जिना असे अडथळे केवळ आपल्या शरीराच्या बळावर, चपळाईने आणि इजा न होऊ देता ओलांडण्याची विद्या. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील नौदलाचे अधिकारी जॉर्ज एबेर यांनी धावणे, चढणे, उडी मारणे, तोल राखणे अशा स्वाभाविक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती रचली. माणसाने बलवान व्हावे ते इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, हे तिचे सूत्र होते. पुढे रेमों बेल नावाचा एक मुलगा व्हिएतनाममधील लष्करी अनाथशाळेत वाढला. तो रात्री, सारे निजल्यावर, एकटाच अडथळ्यांवर सराव करी. मोठेपणी तो पॅरिसच्या अग्निशामक दलात गेला. त्याचा मुलगा दाविद आणि त्याचे सोबती यांनी पॅरिसजवळच्या लिस या गावी गेल्या शतकाच्या अखेरीस या विद्येला आजचे रूप दिले.

अंधारात सराव करणाऱ्या त्या मुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याला पाहणारे कोणी नव्हते, हे तर खरेच. पण ज्याच्याकडे पाहून खंत करावी असेही कोणी नव्हते. समोर होता तो केवळ अडथळा, आणि काल आपण कोठवर पोहोचलो याची आठवण.

आमच्या भाच्याला हा अंधार लाभला नाही. त्याच्या सोबतचा एक मुलगा तिसऱ्याच महिन्यात पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून खाली उडी घेऊ लागला. शिवाय खिशातील फोनवर साऱ्या जगातील उड्या दिसतातच. एके दिवशी यानेही तीच भिंत गाठली. घोटा असा दुखावला की महिनाभर घरी बसावे लागले. त्याला पायाच्या दुखण्याचे फारसे काही वाटत नव्हते. “तो माझ्याबरोबरच शिकू लागला होता, मामा,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

या वाक्यातच फसगत आहे. दोघे एका दिवशी गल्लीत आले, म्हणून दोघांचा आरंभ एक ठरत नाही. एकाने लहानपणी झाडे चढलेली असतात, दुसऱ्याने नसतात. आणि शरीराचा हिशेब मनाच्या उतावळेपणाने चालत नाही. व्यायामाने स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढू लागते. परंतु स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा आणि हाडांना हाडांशी जोडणारे अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो, त्यामुळे ते घट्ट होण्यास महिने लागतात. म्हणजे असा एक काळ येतो, की पायांत उडी घेण्याचे बळ आलेले असते, पण ती झेलण्याचे आलेले नसते. नेमक्या याच काळात दुसऱ्याची उडी आपल्याला खुणावते. आपल्याला दिसते ती त्याची उडी. तिच्याखाली साचलेले दिवस दिसत नाहीत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. लहानपणी मी आमच्या गावच्या तालमीत मल्लखांबाला जात असे. मल्लखांबाचा पुनरुद्धार दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर बाजीरावांना गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपुराजवळच्या बिठूरला, ठेवण्यात आले. आणि ही मराठी विद्याही तिकडे पोहोचली. आज मी राहतो तेथून बिठूर काही फार लांब नाही. तेथे प्रथम गेलो, तेव्हा मला घाट पाहतानाही आमच्या तालमीतला तो एरंडेल पाजलेला खांबच आठवत होता.

आमचे वस्ताद पहिले काही महिने जोर, बैठका आणि साधी अढी यांपुढे जाऊ देत नसत. माझ्याबरोबर दाखल झालेला एक सडपातळ मुलगा मात्र पाहता पाहता दसरंग करू लागला. मी माझ्या पकडीकडे पाहण्याचे सोडून त्याच्याकडे पाहू लागलो. वर्ष संपण्यापूर्वी मी तालीम सोडली. मी पडलो नव्हतो, मला कोणी हिणवलेही नव्हते. माझी अढी रोज थोडी घट्ट होत होती. पण तिच्यातला आनंद मी दुसऱ्याच्या दसरंगापायी गमावला. घोटा महिनाभरात बरा होतो. सोडलेली विद्या परत येत नाही.

मग स्पर्धा नसावी काय? तसे मला म्हणावयाचे नाही. हजरतगंजापासून जवळच के. डी. सिंग बाबू यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते नायक होते. तेथे गुण मोजलेच पाहिजेत. पार्कूरच्याही जागतिक स्पर्धा आता होतात. पहिली २०२२ साली टोकियोत झाली. स्पर्धेला दिवस नेमलेला असतो आणि तो मावळतो. घातक होते ते रोजच्या सरावालाच स्पर्धा करून टाकणे. दुसऱ्याकडे पाहून ‘हेही माणसाला साधते’ एवढे जाणून घ्यावे आणि दृष्टी पुन्हा आपल्या पायाशी आणावी.

हजरतगंजाच्या शेजारी कैसरबागेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली स्थापन केलेली संगीतसंस्था आहे. आज ती विद्यापीठ झाली आहे. तिच्यावरून जाताना एक साधी गोष्ट मनात येते. आपल्या संगीतात षड्ज सर्वांना एकाच उंचीवर लावावा लागत नाही. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. ज्याच्या गळ्याला जो झेपेल तो त्याचा षड्ज. मग त्याच्याशी इमान राखून पुढचे सारे स्वर लावावयाचे. शेजाऱ्याचा षड्ज उंच आहे म्हणून कोणी रडत नाही.

भाचा आता पुन्हा त्या गल्लीत जाऊ लागला आहे. भिंतीकडे तो अजून फिरकत नाही. परवा मी पाहिले, तेव्हा तो दोन कठड्यांमधील अंतर आपल्याच पावलांनी, टाचेला अंगठा लावीत मोजत होता. पार्कूर शिकणारे उडीचे माप बहुधा असेच घेतात, असे त्याने मला सांगितले. मी विचारले, “किती भरले?” तो म्हणाला, “सात पावले, मामा. माझी.”