दगडांच्या रिंगणात पुरलेली माणसं आणि घोडे



नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर जुनापाणी येतं. तिथल्या मुरमाड माळावर काळे धोंडे गोलाकार मांडलेले दिसतात. एक गोल, त्याच्या पलीकडे दुसरा, असे कितीतरी. ही शिळावर्तुळं म्हणजे दफनाच्या जागा आहेत, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातल्या. विदर्भात लोखंड वापरणारी, घोडे बाळगणारी माणसं आपल्या मृतांना या रिंगणांत ठेवत होती. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ साली या वर्तुळांवर लिहिलं, तेव्हा त्याचं लक्ष या खळग्यांकडेही गेलं होतं.

त्या काळी वर्तुळाच्या मधोमध खड्डा घ्यायचा आणि हाती लागेल ती वस्तू काढायची, अशी रीत होती. वस्तू मिळत, पण ती कुणाच्या डोक्याशी होती, कुणाच्या पायाशी होती, तिच्यावर माती कोणती होती, हे सगळं त्या खड्ड्यातच संपून जाई. आज वर्तुळाचे चार भाग पाडतात. समोरासमोरचे दोन भाग आधी खणतात आणि मधे मातीची भिंत उभी ठेवतात. त्या भिंतीवर थर वाचता येतात: आत आधी काय ठेवलं, त्यावर कोणती माती लोटली, गोटे कधी भरले. खुरपीनं आणि ब्रशनं इंचाइंचानं चालणारं हे काम बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. पण सारा पुरावा त्या मांडणीतच आहे, म्हणून त्याला पर्याय नाही.

याचं मोल माहूरझरीत कळतं. नागपूरच्या वायव्येला असलेल्या या गावी डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे १९७० ते १९७२ या काळात उत्खनन केलं. त्याआधी टाकळघाट-खापा इथे त्यांनी हेच काम केलं होतं. माहूरझरीच्या वर्तुळांत माणसांच्या अस्थींबरोबर काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, तांब्याची मूठ असलेली कट्यार आणि कार्नेलियनचे मणी सापडले. पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते घोड्यांविषयी.

इथे माणसांबरोबर घोडे पुरलेले होते, तेही साजासकट. तोंडातला लोखंडी लगाम आणि डोक्यावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार, सगळं बरोबर होतं. घोड्यांच्या काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे धन्याच्या दफनाच्या वेळी घोड्याचा बळी दिला असावा. एवढं उमदं जनावर, ज्याला पोसायला चारा लागतो, शिकवायला वर्षं लागतात, ते साजासकट मातीत घालायचं, यामागे मृत माणसाबद्दल केवढा आदर असेल! शिवाय हे धोंडे ओढून आणणं एका घराच्या हातचं नव्हतं. त्यासाठी आजूबाजूची माणसं जमली असणार. काही रिंगणांत घोडा आणि शस्त्रं, तर काहींत चार मडकी, हा फरकही नीट बघायला हवा. जिवंतपणीचा मान मेल्यावरही सांभाळणारा तो समाज होता, असं मला त्यावरून वाटतं.

मात्र हे लोक फक्त दफनांपुरते होते, असं समजू नका. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला १९७८ ते १९८० दरम्यान देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी खणलं, तेव्हा वस्तीबरोबर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. भट्टीत वारा घालायच्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी सापडली. वर्तुळांतल्या कुऱ्हाडी परमुलखातून आल्या असतील, या शंकेला इथे ठोस उत्तर मिळतं. आपल्याच मुलखात लोखंड गाळलं जात होतं.

आता थोडं सध्याचं. जुनापाणीची वर्तुळं संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत, पण विदर्भात अशी कितीतरी वर्तुळं शेतांत, रस्त्यांच्या कडेला, नव्या लेआउटच्या प्लॉटमध्ये आहेत. धोंडे पायात घालायला, बांधाला उपयोगी पडतात आणि जेसीबीला एक वर्तुळ उखडायला फार वेळ लागत नाही. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, त्याला जमीन कसायची आहे. पण तुमच्या शेतात धोंडे गोल बसलेले दिसले, तर त्यांना हात लावण्याआधी फोटो काढा, तलाठ्याला सांगा आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या कार्यालयाला एक पत्र टाका. मडक्याचं खापर किंवा गंजलेलं लोखंड वर आलं, तर ते घरी न आणता जिथे दिसलं तिथेच राहू द्या. खणणारे येतील तेव्हा ते खापर जागच्या जागी मिळणं हीच त्यांना तुमची सर्वात मोठी मदत होईल.