उळवीच्या वाटेवर
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतली आपली मुले सुट्टीत शेकडो मैल गाडी चालवतात आणि वाटेतल्या गावांच्या गोष्टी फोनवर सांगतात. कौतुक वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहून जोयडा तालुक्यातले उळवी आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? मी सरकारी नोकर, कामानिमित्त त्या बाजूला हिंडलेला. चला, बेळगावहून निघू.

पहिला थांबा हमरस्त्यावरचे एम. के. हुबळी. इथे मलप्रभेकाठी बसवेश्वरांच्या पत्नी गंगांबिका यांची समाधी आहे. बाराव्या शतकात कल्याणात जातिभेद मोडून एक लग्न लागले. त्यावरून कठोर शिक्षा झाल्या, राजा बिज्जळ मारला गेला आणि शरणांना राजधानी सोडावी लागली. वचनांच्या पोथ्या सांभाळत त्यांतले काही उळवीच्या जंगलाकडे निघाले, असे परंपरा सांगते.

खानापूर तालुक्यात कक्केरी लागते. पोथ्या वाचवताना लढणारे कक्कय्या इथेच पडले, असे मानतात. महाराष्ट्रातला ढोर समाज त्यांना आपले संत मानतो, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल.

लोंढ्यावरून पुढे रामनगर. काळी नदीवर सुपा धरण झाले, १०१ मीटर उंच. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि बरीच कुटुंबे रामनगरला आली. तिथे चहाला थांबलात, तर एखाद्या म्हाताऱ्या मामांना मूळ गाव विचारा. चहा गार होईल, गोष्ट संपणार नाही.

गणेशगुडी, जोयडा करत गर्द रानातून उळवी येते. इथे बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांची समाधी आहे. जवळच्या रानात त्यांच्या आई अक्क नागम्मा यांच्या नावाची गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या जत्रेला बेळगाव-धारवाडकडचे शेतकरी अजून बैलगाड्या जुंपून येतात. शिधा, कडबा, पोरेबाळे सगळे गाडीत, रात्री वाटेत मुक्काम आणि तीन दगडांची चूल. आपली मोटार काही तासांत पोहोचते, त्यांना दिवस लागतात. पण वाट त्यांनाच जास्त कळते.

मंडळी, शरण आले ते राजधानी सोडावी लागली म्हणून. रामनगरकर आले ते गाव बुडाले म्हणून. आपले पणजोबा इकडे का आले, कोणत्या वाटेने आले, पहिली रात्र कुणाच्या ओसरीवर काढली? घरातल्या किती मुलांना हे सांगता येईल? पोथ्या जपल्या म्हणून वचने उरली. आपल्या घरची पोथी तर अजून लिहिलीच गेलेली नाही, आणि ती ज्यांना तोंडपाठ आहे ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून एक विनंती. या गणपतीत आरती झाली की घरातल्या सगळ्यांत थोर माणसाजवळ वही घेऊन बसा. गावांची नावे, साल, सोबत कोण होते, सगळे त्यांच्याच शब्दांत उतरवा. आणि माघात जमले, तर उळवीला जाऊन या.

गणपती बाप्पा मोरया!