गोधडीच्या शिबिराला निघण्याआधी

दुर्गजवळच्या उतईहून बोलतोय. फौजी माणूस आणि गोधडी? अहो, फौजेच्या किटमध्ये सुई-दोऱ्याची पिशवी असते, तिला ‘हाउसवाइफ’ म्हणतात. बटणं लावत लावतच मी इथवर आलो.

थंडीत आमच्या अंगणात दोन दिवस गोधडीची बैठक भरते. भिलाईच्या कारखान्यामुळे इकडे आलेली मराठी घरं आणि शेजारच्या छत्तीसगढी बायका. आपली गोधडी ती त्यांची कथरी. दरवर्षी विचारतात, काय आणू?

आधी हिशेब करा. माझा धावदोरा तासाला चार मीटर होतो. दोन दिवसांत बारा तास धरले, तर अठ्ठेचाळीस मीटर. एक मीटर लांब-रुंद दुपट्याला दोन सेंटिमीटर अंतरावर ओळी घातल्या, तर पन्नास मीटर दोरा लागतो. म्हणजे दुपटं जेमतेम पुरं होतं. दोन मीटर बाय दीड मीटरच्या गोधडीला दीडशे मीटर, म्हणजे अडतीस तास! ती आणू नका असं नाही. पण तिचे फक्त काठ आणि कोपरे इथे करा, बाकीचं घरी.

आता तयारी. सुती कापड सुतीबरोबरच घ्या. टेरिकॉट मिसळलं की सुई अडते आणि धुतल्यावर चुण्या पडतात. नवं कापड आधी धुवा, म्हणजे आटायचं ते आटेल. लाल काठावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहा. रंग लागला तर तो काठ बाजूला ठेवा. उसवणं, कापणं, इस्त्री घरीच उरका. थर अंथरून मधून कडेकडे हात फिरवा आणि लांब टाके घालून टाचून आणा.

हे मी ठेच लागून शिकलो. पहिल्या वर्षी पत्नीच्या सहा साड्या तशाच घेऊन बसलो. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. कुठली कापू, कुठली ठेवू, यातच दोन दिवस गेले. शेजारी एक आजी होत्या. कोपऱ्यात दोरा वळवताना खालचा थर गोळा होऊ नये म्हणून बोटांनी कापड कसं धरायचं, ते त्यांच्यासारखं कुणाला येत नसे. त्या दोनदा म्हणाल्या, “साहेब, द्या इकडे, दाखवते.” माझ्याकडे दाखवून घ्यायला टाचलेलं काही नव्हतंच. पुढच्या थंडीत आजी नव्हत्या.

ती गोधडी मी नंतर शिवली. चारही कोपऱ्यांत चुण्या आहेत. अंगावर घेतली की हाताला लागतात.

म्हणून सांगतो, एकट्याने होणारं काम घरी करा. कापायचं की ठेवायचं, ते रडणंसुद्धा घरीच उरकून या. बैठकीला असं काम आणा, ज्याला दुसऱ्याचा हात लागतो. आणि आल्यावर सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी बसा.

जय हिंद.