चालत्या श्वासाची प्रतिमा



स्वागत समितीच्या वतीने मिरज नगरीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय उभारले आणि पुढे वॉन्लेसवाडीत क्षयरुग्णांसाठी आरोग्यधामही काढले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. छातीची दुखणी आणि गवयाचा दमसास, दोन्ही जाणणाऱ्या या गावात श्वासोच्छ्वासाच्या चलत् क्ष-किरण चित्रणावर परिषद भरते आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

छातीचा एक्स-रे काढताना आपण रुग्णाला सांगतो, ‘श्वास घ्या, रोखून धरा.’ पण त्याची तक्रार असते ती श्वास घेताना-सोडतानाची. रोखलेल्या श्वासाच्या चित्रात ती पुरती सापडत नाही. हे जुन्या पिढीने ओळखले होते. क्ष-किरणांचा शोध लागला 1895 मध्ये. त्यानंतर थोड्याच काळात बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस विल्यम्स यांनी प्रतिदीप्त पडद्यावर पाहिले, की क्षयाने ग्रासलेल्या बाजूचे श्वासपटल कमी हलते.

पुढे जपानमध्ये, विशेषतः कानाझावा विद्यापीठात, या निरीक्षणाला डिजिटल रूप देणारे संशोधन झाले. फ्लॅट पॅनेल डिटेक्टरवर सेकंदाला साधारण 15 चित्रे घेतली जातात. रुग्ण उभा राहून श्वास घेतो, सोडतो, आणि काही सेकंदांत तपासणी आटोपते. स्पायरोमेट्री दोन्ही फुप्फुसांची मिळून बेरीज सांगते. या तपासणीत उजवे-डावे वेगळे दिसते. लुळे पडलेले श्वासपटल जोराने हुंगताना खाली जाण्याऐवजी वर सरकते, तेही डोळ्यांसमोर येते. श्वास रोखून घेतलेल्या चित्रमालिकेत हृदयाच्या ठोक्यागणिक बदलणाऱ्या छटांवरून, कॉन्ट्रास्ट न टोचता, फुप्फुसातील रक्तप्रवाहाचाही अंदाज घेता येतो.

ही तपासणी सीटीची जागा घेणार नाही. एका साध्या एक्स-रेपेक्षा तिच्यात किरणांची मात्राही जास्त असते. म्हणून ती कोणाला करायची आणि कोणाला नाही, हे आपणच काटेकोरपणे ठरवले पाहिजे.

माझे एकच मागणे आहे. आपल्याकडे क्षय बरा होतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी काही रुग्णांना जिना चढवत नाही. त्यांच्यात घट्ट झालेले फुप्फुस, चिकटलेले आवरण यांचा श्वासावर किती भार पडतो, हे या तंत्राने तपासावे. ‘तुम्ही आता बरे आहात’ एवढे सांगून त्यांना घरी पाठवणे मला मान्य नाही. या परिषदेतून अशा अभ्यासाचा आराखडा निघावा, आणि त्यात जिल्हा रुग्णालयातल्या तंत्रज्ञांना पहिल्यापासून सोबत घ्यावे.

आमच्या व्यवस्थेत उणीव राहिली तर हक्काने सांगा. चर्चेतही भीड ठेवू नका. आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.