पाकिटातली काळी फिल्म



गेल्या वर्षी थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, सीटी स्कॅनचं पाकीट माझ्या हाती आलं. घरात बी.ए. झालेला मी एकटा, त्यामुळं इंग्रजी कागद माझ्याकडंच येतात. कविता लिहिणाऱ्याला यातलं काय कळणार! तरी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आपानं विचारलं, "किती दिवस लिहिलेत रे त्यात?"

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात, इंग्रजीत ॲड्रिनल. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तिच्या बाहेरच्या थराचा कर्करोग दहा लाख माणसांत वर्षाला एखाद-दोघांना होतो. तो आपाच्या वाट्याला आला. तिचा चेहरा गोल झाला होता, पोट सुटलं होतं, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, तब्येत सुधारली! हातपाय काटक्या होत चालले होते, जमिनीवरून उठताना ती भिंत धरत होती, ते आम्ही वयावर ढकललं. गाठ कॉर्टिसॉल नावाचा स्राव जास्त सोडत होती. तो स्नायू खातो आणि पोटात चरबी साठवतो.

सीटी स्कॅन हा गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा शोध. तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत ते इंजिनिअर होते. 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं, 1979 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे एक हजार. अधिवृक्काची गाठ एकसारखी आणि दहाच्या आत असेल तर ती चरबीची, बहुधा निरुपद्रवी. दहाच्या वर गेली म्हणजे कर्करोगच, असं मात्र नाही. आपाची चौतीस होती आणि आकार आठ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरच्या आत पहिला टप्पा, त्यापुढे दुसरा. शेजारच्या भागात किंवा रक्तवाहिनीत शिरली तर तिसरा, दूर पसरली तर चौथा. आपाची दुसऱ्यात बसली. आयुष्याचा पहिला अंदाज इथून निघतो. मग शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली का, पेशी किती वेगानं वाढताहेत, हे बघतात.

मला गुंतवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2012 साली अशा रुग्णांचे स्कॅन पुन्हा काढून बघितले, पण गाठीकडं नव्हे, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूकडं. खाटीक ज्याला अंडरकट म्हणतो, तोच. तो विरत गेलेला आणि पोटातली चरबी वाढत गेलेली, अशांचं आयुष्य कमी भरलं. गाठीसाठी काढलेल्या चित्रात साऱ्या देहाची हकिगत होती. भिंत धरून उठणारी आपा मला तेव्हा आठवली, आणि स्वतःची लाज वाटली.

आता संगणकही गाठीतल्या करड्या छटांची आकडेमोड करून भाकीत करू बघतात. अडचण साधी आहे. रोगच दुर्मीळ, मग शिकवायला चित्रं आणायची कुठून? थोड्या रुग्णांवर शिकलेलं यंत्र दुसऱ्या रुग्णालयात गेलं की गडबडतं. शिवाय निघणारा आकडा शंभरातल्या किती जणांचा, एवढंच सांगतो. त्यातली आपा कोणती, ते नाही.

मी डॉक्टरांना आपाचाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "अंदाज दिवस मोजायला नसतो हो. औषध कुणाला द्यायचं आणि नजर किती ठेवायची, हे ठरवायला असतो." त्यांनी मायटोटेन सुरू केलं. हे औषध डीडीटीच्या कुळातलं आहे, हे मी आपाला सांगितलं, तर ती हसली, "म्हणजे ढेकूण समजलात मला!" पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी एकदाच दिलं, "दिवस लिहिलेले नाहीत, पुढची तारीख लिहिली आहे." ती म्हणाली, "मग ती नीट वाच."

चौथं पाकीट परवा आलं. ते बघायला आपा चटईवरून उठली, भिंत न धरता. मी फिल्म खिडकीशी नेली आणि गाठीच्या जागेआधी कण्याच्या दोन्ही बाजू शोधू लागलो.