अर्ध्या पुलावरून गाडी जात नाही
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



रेल्वेचा माणूस संगणकावरच्या खेळांवर बोलतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण 'मला गेम बनवायचे आहेत' म्हणणारी मुले आता आपल्या घरांतही आहेत, आणि आईवडिलांना या धंद्याची फारशी माहिती नसते. म्हणून हा विषय घेतला.

या धंद्याचे एक रूप आपल्या गुरुग्राममध्येच आहे. मानवेंद्र शुकुल यांनी २००४ साली लक्ष्य डिजिटल ही कंपनी काढली. परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी चित्रकाम करून देणे, हा तिचा व्यवसाय. २०१४ मध्ये आयर्लंडच्या कीवर्ड्स स्टुडिओजने ती विकत घेतली. हे कंत्राटी काम आहे. नकाशा दुसऱ्याचा, बांधकाम आपले. मोबदला ठरलेला असतो, हात तयार होतो. गेम मात्र दुसऱ्याच्या नावाने विकला जातो.

स्वतःचा गेम काढायचा तर काय सोसावे लागते, ते पुण्यात दिसले. २०१७ साली अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी नॉडिंग हेड्स गेम्स सुरू केली. राक्षसांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेली राजी आणि तिला लाभलेला दुर्गेचा त्रिशूळ, ही त्यांच्या गेमची गोष्ट. चित्रांना वळण पहाडी शैलीचे. त्याच वर्षी त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. तिथे ठरलेला आकडा गाठला नाही तर एक पैसाही हाती येत नाही. आकडा गाठला गेला नाही. काम चालू राहावे म्हणून अविचल सिंहांनी आपला फ्लॅट विकला. पुढे प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळाले.

फ्लॅट विकल्याची गोष्ट यश आल्यावर ऐकायला गोड लागते. पण प्रकाशक मिळाला नसता तर? अर्धा पूल बांधून त्यावरून गाडी जात नाही. अर्ध्या गेमचेही तसेच. प्रोग्रॅमिंग, चित्रे, आवाज, चाचणी सगळे जुळेपर्यंत विकायला हातात काही नसते, आणि पगार मात्र दरमहा द्यावे लागतात.

म्हणून मुलाला 'हे खूळ सोड' म्हणू नका. दोन प्रश्न विचारा. यातले नेमके कोणते काम तू शिकणार? आणि गेम पुरा होईपर्यंत घर कशावर चालणार? आधी काही वर्षे दुसऱ्याच्या कामावर हात बसवावा, शिल्लक टाकावी, मग स्वतःचे काढावे, असे मला वाटते. त्यात कमीपणा नाही.

मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी चित्रकला स्पर्धेशेजारी एक संगणक मांडू या. मुलांनी स्वतः बनवलेला खेळ तिथे ठेवावा. तो लहान असला तरी चालेल, पण पुरा झालेला असावा.

गणपती बाप्पा मोरया!